बॉबिन, यांना सांग

एका बाईचे आभार मानायचे माझ्याकडून बरीच वर्षं राहून गेले होते. नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, एक मेसेज टाकायचा ना!" टाकला असता गं. पण ती बाई माणसांशी बोलत नसे. मेसेज कुत्र्याच्या फोनवर टाकावा लागला असता.

थट्टा नाही. सुरतेत तापीच्या पलीकडे, अडाजणच्या बाजूला तिचा दवाखाना होता. जनावरांचे डॉक्टर शहरात पुष्कळ. कोणी सुया टोचणारे, कोणी नखं कापणारे. ही फक्त पोट उघडणारी. बाकीच्यांनी हात टेकले की ते हिचा पत्ता देत. हजीऱ्याच्या कारखान्यांतले साहेब गाडीच्या मागच्या सीटवर झुबकेदार कुत्रे बसवून येत, बारडोलीकडचे ऊसवाले टेम्पोत राखणीचे कुत्रे घालून आणत, आणि आम्ही लिंबायतच्या मराठी गल्ल्यांतली माणसं रिक्षात, मांडीवर घेऊन. सगळे तिला 'बेन' म्हणत. नाव पाटीवर होतं, पण कोणाच्या तोंडून मी ते ऐकलं नाही. मीही इथे घेणार नाही. तिला आवडलं नसतं.

ठेंगणी बाई. रुंद खांदे, पुरुषासारखे कापलेले केस, अंगात धुऊन धुऊन विटलेला हिरवा झगा. हात मात्र एवढेसे, शाळकरी पोरीचे असावेत तसे. दवाखान्यात माणसांसाठी बाकडं नाही, स्टूल नाही. सतरंजी घातलेली, तिच्यावर आपल्या कुत्र्याशेजारी मांडी घालून बसायचं. इस्त्रीच्या पँटीतला साहेब असो की भंगारवाला. का, म्हणून एका साहेबाने विचारलं, तेव्हा ती त्याच्या कुत्र्याला म्हणाली, "याला सांग, आजारी माणसाने मान वर करून किती वेळ बघायचं?" साहेब बसला. पँट त्या दिवशी कामातून गेली.

एक खुर्ची होती. वेताची, पाठीला दांड्या असलेली, भिंतीला लावून ठेवलेली. तिच्यावर बसायचं नाही. खुद्द बेनही बसत नसे. ऑपरेशनच्या मधल्या वेळात ती खुर्चीपुढे उकिडवी बसायची आणि पाठीच्या दांडीला टाक्याच्या दोऱ्याने गाठी मारायची. हाताला सराव म्हणून, एका हाताने, न बघता, गाठीमागून गाठ. सगळी दांडी गाठींनी भरलेली, आणि प्रत्येक गाठीची दोन टोकं लोंबती. मी पहिल्यांदा ती खुर्ची पाहिली तेव्हा माझी बोटं शिवशिवली. ते का, ते पुढे येईल.

आता तिच्या बोलण्याचं. तिला तुम्हाला काही सांगायचं असलं तर ती तुमच्या कुत्र्याकडे बघून सांगायची. "एने के," म्हणजे 'हिला सांग', असं म्हणून सुरुवात. "हिला सांग, दूध बंद. हिला सांग, रडायचं तर बाहेर जाऊन रड, तुला घाबरवू नको." आणि चिडली की अस्सल सुरती शिव्या, त्याही कुत्र्याच्या मार्फत. शिवी कुत्र्याला नसायची, हे कुत्र्यालाही कळायचं. लोक म्हणत, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. कोणी म्हणे लहानपणी बोबडी होती, कोणी म्हणे नवऱ्याने टाकली. काय खरं ते मला माहीत नाही, आणि मी विचारायला गेले नाही.

मला त्यात वेडेपणा काही वाटला नाही, त्याचं कारण माझं सासर. अमळनेरजवळच्या खेड्यात मी सून म्हणून गेले तेव्हा एवढीशी होते, आणि अक्कल त्याहून एवढीशी. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. मग सासऱ्याला जेवायला बोलवायचं कसं? तर घरातल्या पोराला सांगायचं, "आबांना सांग, ताट वाढलंय." पोर नसलं तर मांजराला, मांजर नसलं तर दाराच्या खांबाला. सासरा दोन हातांवर बसलेला, ऐकू सगळं जातंय, पण तोही खांबालाच उत्तर देणार. एकदा चुलीतून ठिणगी उडून सासऱ्याच्या धोतराचा काठ पेटला आणि ही शहाणी सून मांजर शोधत घरभर हिंडली. सासऱ्याने स्वतःच धोतर विझवलं आणि खांबाला म्हणाला, "तिले सांग, आग लागनी तं वरडावं." तर अशी मी. बेन कुत्र्याशी बोलू लागली तेव्हा बाकीच्यांना हसू आलं, मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सासरी आल्यासारखं म्हणा.

आमचा बॉबिन हे रस्त्यावरचंच कुत्रं. पुढे आम्ही सुरतेत आलो, आमचे हे उधन्याला पॉवरलूमच्या कारखान्यात मास्तर होते. मशीनच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे घरात बोलणं कमी. एकदा सुताच्या रिळांच्या रिकाम्या खोक्यात घालून पिल्लू घेऊन आले. म्हणाले, "बॉबिनच्या ढिगात झोपलं होतं." तेच नाव पडलं. पुढे हे छातीच्या दुखण्याने गेले. खोकं राहिलं आणि बॉबिन राहिला. माझी जाऊ अजून सांगत फिरते की नवरा गेला तेव्हा हिच्या डोळ्याला पाणी नव्हतं आणि कुत्र्यासाठी हंबरडा फोडला. खोटं सांगते असं मी म्हणणार नाही. नवऱ्यासाठी रडायला दारात सगळी गल्ली बसली होती. बॉबिनसाठी मी एकटीच होते.

आमच्या गल्लीत घरोघरी धागा कटिंगचं काम. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून आलेली साडी उलटी केली की एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत धागे लोंबत असतात. मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येतात, बायका ओट्यावर बसून छोट्या कातरीने ते धागे कापतात. सुटा धागा असला तर कातरसुद्धा लागत नाही, चिमटीत धरून ओढला की आला. वर्षानुवर्षं हेच केलं की हात डोक्याला विचारत नाही. धागा दिसला की बोटं निघाली. पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी नवरदेवाच्या शेरवानीचा धागा ओढला होता, बटण माझ्या हातात आलं. भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता थांबले. मी तरुण होते तेव्हा. म्हणजे पन्नाशीची.

कापलेल्या धाग्यांचा ओट्याखाली ढीग साचायचा, रंगीत कापसासारखा, आणि बॉबिन त्यात झोपायचा. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक. गादीवरचा राजा म्हणायच्या बायका. कोणाच्या मनात आलं नाही.

मग एकदा त्याने खाणं सोडलं. पिवळं ओकायला लागला. पाठीची कमान करून कोपऱ्यात उभा राहायचा, बसायचाच नाही. आम्ही काय काय केलं ते सांगायला आता लाज वाटत नाही, हसू येतं. जाऊने मीठमिरची उतरवून टाकली. मी तुपात हळद कालवून चाटवली. शेजारणीने एरंडेल सुचवलं, तेही झालं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊ ओट्यावरून ओरडली, "माय वं, हाई काय से!"

बॉबिनच्या शेपटीखाली धागा लोंबत होता. गुलाबी, जर मिसळलेला. त्या आठवड्यात आम्ही गुलाबी जरीच्याच साड्या कापत होतो.

पुढचं सांगायला वेळ लागतो, तेव्हा वेळ लागला नाही. मी त्याचे पुढचे पाय धरले, जाऊने धागा धरला. आमच्या गल्लीत तिच्या बोटांसारखी बोटं नाहीत. तिने अलगद ओढला. वीतभर बाहेर आला. "निंघी राहिना वं बाई, निंघी राहिना!" तो निघतोय म्हणून मलाही आनंद झाला. मी म्हटलं, "ओढ, ओढ, अजून ओढ." मग धागा अडला, तेव्हा तिने बोटाला वेढा दिला, चिवट धाग्याला देतात तसा, आणि हिसका मारला. बॉबिन ओरडला. कुत्रं तसं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. मशीनचा पट्टा तुटताना येतो तसा आवाज. नंतर तो आडवा झाला आणि धागा आतच राहिला.

जवळच्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, हात काढून घेतला आणि नदीपलीकडचा पत्ता सांगितला. "आत्ता जा," एवढंच म्हणाला.

बेनने बॉबिनला पाहिलं ते आधी नाकाने. तोंडाचा वास, कानाचा वास, शेपटीखाली वास. मग बोटाने त्याची जीभ उचलून खाली पाहिलं, पोटावरून तिचा तो एवढासा हात फिरवला आणि थांबली. आम्हा दोघींकडे बघितलंसुद्धा नाही. बॉबिनच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "दीकरा, तारी बाईने पूछ, दोरो कोणे खेंच्यो?" बाळा, तुझ्या बाईला विचार, दोरा कोणी ओढला?

जाऊ सुरतेत तीस वर्षं राहिलेली, गुजराती फडाफड बोलते, पण घाबरली की थेट अमळनेर. "कोन्ही नही वो माय, आपेआप निंघना."

आणि मी काय केलं असेल? डोक्यावरचा पदर सावरला आणि जाऊकडे बोट दाखवलं. मांजर शोधत फिरणारी सून ती हीच, फक्त केस पांढरे झालेले.

बेनने आमचे हात पाहिले. अंगठ्यावर कातरीचे घट्टे, दोघींनाही. बॉबिनला म्हणाली, "बे जणी हती, दीकरा." दोघी होत्या. मग एक लांबलचक सुरती शिवी, ज्यात आमच्या दोघींच्याही माहेरची माणसं आली. मग शांतपणे, "यांना सांग, दोरा कधी ओढायचा नाही. बाहेर दिसतो तेवढा कापायचा आणि इकडे यायचं. ओढला की तो आत करवत होतो." तेवढं बोलून तिने बॉबिनला उचललं, स्वतः, छातीशी धरून, आणि आत गेली.

तिची एक रीत होती. पोट उघडल्यावर ती मालकाला आत बोलवायची. अंगावर झगा, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. लोक नाही म्हणायचे, रडायचे, चक्कर येते म्हणायचे. तिचा म्हातारा कंपाउंडर शांतपणे सांगायचा, "नाही आलात तर बेन पुढे करत नाही." खरंच करत नसे की नाही, कोणी अजमावून पाहिलं नाही. मला बोलावलं. चक्कर येऊन पडणार अशी खात्री होती. पडली जाऊ, आणि ती तर दाराबाहेर होती, तिने काहीच पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं. नाडी ओढली की परकर कसा चुणतो? बॉबिनचं आतडं त्या धाग्यावर तसं चुणून बसलं होतं. धाग्याचं एक टोक वर जठराच्या तोंडाशी अडकलेलं, आणि दुसरं टोक आमच्या हातात आलेलं. आम्ही ओढलं तेव्हा मधला सगळा धागा ताठ झाला आणि जिथे जिथे वळण होतं तिथे तिथे कापत गेला. बेनने चिमट्याच्या टोकाने एकेक जागा दाखवली. झोपलेल्या बॉबिनला म्हणाली, "हिला दाखव. इथे. इथे. आणि इथे." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तिने धागा ओढला नाही. आतडं ठिकठिकाणी उघडून तो तुकड्यातुकड्यांनी कापून काढला. एक हिस्सा काळा पडला होता, तो काढून टाकला आणि दोन टोकं एकमेकांना जोडली. धाग्यात माझा जन्म गेलाय. इतके सारखे टाके मी कुठल्या मशीनचेही पाहिले नाहीत.

जोड धरला तर जगेल, सुटला तर नाही. हे कंपाउंडरने सांगितलं, कारण बॉबिन झोपला होता आणि बेनला बोलायला कोणी नव्हतं. मग मी त्या सतरंजीवर राहिले. घरून डबा यायचा, जाऊ आणायची आणि बॉबिनच्या पायाला हात लावून नमस्कार करून जायची. बेन दर थोड्या वेळाने येऊन त्याच्या पट्टीचा वास घ्यायची. आत पू झाला की तो आधी नाकाला कळतो म्हणे. वास घेऊन ती काही न बोलता जायची, आणि ती काही न बोलता गेली की मी श्वास सोडायचे. त्याच दिवसांत आणलेले दुसरे कुत्रे मी जाताना पाहिले. बारडोलीचा एक काळा, दांडगा, खेळणं गिळलेला. तो टेबलावरच गेला. बेन बाहेर आली, खुर्चीपुढे उकिडवी बसली आणि तिने गाठी मारायला घेतल्या. मालक शेजारी उभा राहून रडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा कुत्रा नव्हता ना आता, कोणाला सांगणार?

तेव्हाच हिऱ्यांच्या दलालाचा तो प्रकार झाला. त्याच्या पॉमेरियनने हिऱ्यांची पुडी गिळली होती. कुत्री अजून गुंगीत, पोटाला टाके घालणं चालू, आणि शेठ दारातून, "मॅडम, माल निघाला का?" बेन गुंगीतल्या कुत्रीला म्हणाली, "तुझा शेठ आला गं. तुझं नाही विचारत, मालाचं विचारतोय." आणि पोटातून निघालेलं सगळं, जसंच्या तसं, ताटलीत घालून कंपाउंडरने त्याच्यापुढे सतरंजीवर ठेवलं. धुतलेलं नाही. शेठ पांढऱ्या सफारीत गुडघे टेकून बोटांनी शोधत बसला आणि आम्ही सगळे आपापल्या कुत्र्यांसकट बघत बसलो. माझ्या आयुष्यातली इतकी सुखाची दुपार दुसरी नाही. म्हणजे ती नंतर झाली, बॉबिनने पहिल्यांदा शी केली तेव्हा. बेन तेव्हा माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. आम्ही दोघी बायका त्या शीकडे बघत राहिलो, देवाच्या मूर्तीकडे बघावं तसं.

मी म्हटलं, "बेन, तुमचे..."

तिने हात वर केला. "मने नहीं." मला नाही. आणि उठून गेली.

त्यानंतर मी प्रयत्न सोडला नाही. टाके काढायला गेले तेव्हा सुरतेची घारी नेली, ती कंपाउंडरने खाल्ली. मग साडी नेली. आम्हा लोकांना दुसरं काय सुचणार? आमच्या हाताखालून गेलेली, गुलाबी सोडून निळी, भरजरी. बेनने घडी उघडली आणि साडी उलटी केली. विकत घेणारी बाई कधी साडीची उलटी बाजू बघत नाही. हिने बघितली, पदरापासून निऱ्यांपर्यंत, आणि बॉबिनला म्हणाली, "हिला सांग, काम स्वच्छ आहे." मग घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. ती साडी नेसणार नव्हतीच. मी तिला झग्याशिवाय कधी पाहिलं नाही, पण स्तुती तिने केली होती, आणि ती माझी केली होती. मी घरी येईपर्यंत रिक्षात हसत होते. आभार तेव्हाही राहिलेच.

गल्लीत मात्र मी एक केलं. घरोघरी झाकणाचे डबे ठेवायला लावले, धाग्याचा ढीग उघडा टाकायचा नाही. ज्या बायकांनी ऐकलं नाही त्यांना मी बेनच्या शिव्या दिल्या, शब्दाला शब्द. मला पाठ झाल्या होत्या.

बॉबिन पुढे कितीतरी वर्षं जगला. म्हातारा झाला, डोळ्यात फूल पडलं, शेवटी मूत्रपिंडं गेली. ते बेनचं काम नव्हे, पण मी दुसऱ्या कोणाकडे नेलं नाही. त्या खोलीचा नियम मला माहीत होता. एकदा हजीऱ्याचा एक साहेब आपल्या म्हाताऱ्या लॅब्रडॉरला शेवटचं इंजेक्शन द्यायला घेऊन आला होता आणि म्हणाला, मी बाहेर थांबतो, मला बघवणार नाही. बेनने दाराला कडी घातली. लॅब्रडॉरला म्हणाली, "तुझा साहेब चाललाय. त्याला सांग, सुई लागल्यावर तू मान फिरवून पहिल्यांदा त्यालाच शोधशील. आणि मी असेन. तुला मी चालेन का?" साहेब खाली बसला. त्याने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. इतका मोठा माणूस, पण बाहेर आला तेव्हा मला तो लहान वाटला.

माझी पाळी आली तेव्हा मी आधीच खाली बसले होते. बॉबिनचं डोकं मांडीवर, त्याला दिसत नव्हतं म्हणून माझा हात त्याच्या नाकाशी. बेन त्याच्याशी खूप वेळ बोलली. आता काय करणार, किती टोचेल, मग झोप कशी येईल. सगळं गुजरातीत, हळू. मग त्याने मान फिरवली, माझ्या हाताचा वास घेतला, आणि संपलं.

मी वर बघितलं. म्हणायचं होतं ते सगळं तोंडाशी होतं. बेन माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की तिलाही काही म्हणायचं आहे. ओठ हलले. पण आमच्या मधला गेला होता. ती ताटली उचलून धुवायला गेली. मी बॉबिनला खोक्यात घालून घरी आणलं. आमच्या यांनी त्याला आणलं होतं, त्याच खोक्यात.

पुढे काही दिवसांनी जाऊने बातमी आणली, दवाखान्याला कुलूप लागलंय. बेन आजारी आहे. पोटातलंच. आयुष्यभर दुसऱ्यांची पोटं उघडली, स्वतःच्या पोटातलं कोणाला दाखवलं नाही, आणि दाखवलं तेव्हा कापण्यासारखं उरलं नव्हतं. म्हाताऱ्या कंपाउंडरला मी गाठलं. तो म्हणाला, "जाऊ नका बाई. लोक जातात, ती भिंतीकडे तोंड करते. कोणाशी बोलत नाही."

मी म्हटलं, "ती कधी बोलत होती?"

गेले. दवाखान्याच्याच वरच्या मजल्यावर तिचं घर, हे मला तेव्हा कळलं. बाजेवर बेन होती. खांदे कुठे गेले होते कोण जाणे, झगा तोच. भिंतीकडे तोंड. शेजारी ती वेताची खुर्ची, खालून वर आणलेली. जुन्या गाठींच्या शेवटी काही नव्या गाठी होत्या. त्या सारख्या नव्हत्या. सैल होत्या, एक तर नुसतीच दांडीला गुंडाळलेली.

मी बाजेशेजारी फरशीवर बसले. सवयच ती. गुडघे कडाडले, ते तिने ऐकलं असावं. बोलायला तोंड उघडलं. सत्तरीला टेकलेली बाई, नातवंडांना दटावते, गल्लीला शिव्या देते, आणि डोक्यावरचा पदर आपोआप पुढे ओढला गेला. मग मला सासऱ्याचा खांब आठवला. मी आमच्या दोघींच्या मधल्या फरशीकडे बघितलं, जिथे बॉबिन असायचा तिथे, आणि म्हटलं,

"बॉबिन, यांना सांग. तू गेलास तेव्हा मला बोलता आलं नाही. यांना सांग, आभार मानायचेत ते यांनी तुला शिवलं म्हणून नाही. मला आत उभं करून दाखवलं म्हणून. आणि त्यामुळेच शेवटी माझ्यासाठी दाराला कडी घालावी लागली नाही म्हणून."

मी बसून राहिले. खालून रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग बेन हळूहळू कुशीवर वळली. डोळे माझ्याकडे नव्हते, फरशीवर होते, त्याच जागेवर.

"बॉबिन," ती म्हणाली. आवाज राहिला नव्हता, हवाच होती. "एने के, खुरशी पर बेस. पग दुखता हशे." हिला सांग, खुर्चीवर बस. पाय दुखत असतील.

बाजेचा आधार घेऊन मी उठले आणि त्या खुर्चीवर बसले. खाली बसायचं ते कुत्र्याने मान वर करू नये म्हणून. आता मान वर करणारं कोणी नव्हतं. वरून बेन फार लहान दिसत होती. तिने डोळे मिटले, आणि मी बसून राहिले. गाठी पाठीला टोचत होत्या. हात मागे गेला, त्या शेवटच्या सैल गाठीचं एक टोक चिमटीत आलं.

मी ते ओढलं नाही.